शेजारच्या सीटवरचा नकाशा

"फोन असताना लॅपटॉप कशाला?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की उत्तर आता तयारच असतं. फोन पुढचं वळण सांगतो, आणि झकास सांगतो. पण लांबच्या प्रवासात माझ्यापुढे येणारे प्रश्न वळणाचे नसतात. नदीच्या या काठाने जायचं की त्या काठाने? पुढचा पूल बंद निघाला तर किती मागे यावं लागेल? जंगलाचा पट्टा अंधाराच्या आत पार होईल का, की अलीकडेच मुक्काम टाकावा? तळहाताएवढ्या पडद्यावर हे बघायला गेलं की गावं दिसतात तेव्हा रस्ते दिसत नाहीत, आणि रस्ते दिसेपर्यंत नकाशा मोठा केला की गावं पडद्याबाहेर गेलेली असतात. पंधरा इंची पडद्यावर दोन्ही एकदम दिसतं. एवढ्यासाठीच लॅपटॉप.

आमच्यात गाडी धाकटा भाऊ चालवतो आणि नकाशा मी बघते. मला चालवता येते, पण शेजारी बसून रस्ता काढण्यात मला जास्त रस, आणि मी स्टिअरिंगपासून लांब असलेली त्यालाही बरी वाटते. त्यामुळे सॉफ्टवेअर शोधायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

शोधायला बसलं की आधी भेटतात ती जुनी नावं. मायक्रोसॉफ्टचं स्ट्रीट्स अँड ट्रिप्स, त्याचं युरोपातलं भावंड ऑटोरूट, डीलॉर्मचं स्ट्रीट ॲटलस, एएलकेचं कोपायलट. एके काळी यांची खोकी मिळायची. आत डिस्क, आणि काहींच्या सोबत यूएसबीला लावायचा जीपीएस रिसिव्हर. त्यांची तारीफ करणारं लिखाण अजूनही ढिगाने सापडतं आणि वाचताना मोह होतो, कारण सगळा नकाशा डिस्कवर असल्यामुळे त्यांना इंटरनेट लागायचंच नाही. पण स्ट्रीट्स अँड ट्रिप्सची शेवटची आवृत्ती २०१३ ची, आणि २०१४ संपताना तिची विक्रीही थांबली. डीलॉर्म २०१६ मध्ये जीपीएसची उपकरणं बनवणाऱ्या गार्मिनकडे गेली. विंडोजबरोबर आयतं मिळणारं मॅप्स ॲप, ज्यात ऑफलाइन नकाशे उतरवून ठेवता यायचे, तेही २०२५ मध्ये आवरतं घेतलं गेलं. तेव्हा जुनी डिस्क कुणी फुकट देऊ केली तरी नको म्हणावं. दहा-बारा वर्षांत बायपास होतात, पूल होतात, दुहेरी रस्ते एकेरी होतात, आणि नकाशा नेमका कुठे शिळा झालाय हे त्या चौकात पोचल्यावरच कळतं.

खोक्यांचा जमाना गेला, म्हणजे रिसिव्हर, नकाशा आणि प्रोग्रॅम ही तीन माणसं आता आपणच एकत्र आणायची. मी रिसिव्हरपासून सुरुवात केली. सॉफ्टवेअरच्या नावाने खडे फोडणाऱ्यांची अडचण पुष्कळदा रिसिव्हरमध्येच असते.

बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएस नसतं. तरीही घरी ब्राउझरमध्ये नकाशा उघडला की निळा ठिपका बरोबर आपल्या इमारतीवर येऊन बसतो, आणि माणसाचा गैरसमज होतो. लॅपटॉप काय करतो, तर आसपासच्या वायफाय राउटरांची यादी इंटरनेटवरून पाठवतो आणि "हे राउटर कुठले?" असं विचारून घेतो. मोकळ्या हायवेवर ना राउटर, ना नेट. ठिपका मागच्या गावातच राहतो आणि आपण पुढे गेलेलो असतो. सिमकार्डची सोय असलेल्या काही लॅपटॉपच्या मोडेममध्ये जीपीएस दडलेलं असतं, पण ते जागं करण्याची खटपट प्रत्येक मॉडेलला वेगळी. त्यापेक्षा यूएसबीचा वेगळा रिसिव्हर सुटसुटीत. चपटी डबी, खाली चुंबक, दीड-दोन मीटरची वायर. डबी डॅशबोर्डच्या पुढच्या कडेला ठेवायची म्हणजे तिला आकाश दिसतं. गाडीची पुढची काच धातूचा पातळ थर दिलेली असेल तर मात्र सिग्नल अडतो. मग मागची काच किंवा सरळ टप.

ही डबी एनएमईए ०१८३ नावाच्या पद्धतीने बोलते. ही पद्धत मुळात बोटींवरच्या उपकरणांसाठी ठरवलेली, म्हणूनच वेग अजूनही नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, येतो. बोलण्याची गती जुन्या डब्यांत सेकंदाला ४८०० बिट, नव्या बऱ्याच डब्यांत ९६००. प्रोग्रॅममध्ये हा आकडा चुकीचा भरला की पडद्यावर अगम्य चिन्हं बरसतात, नाहीतर काहीच येत नाही आणि आपण सॉफ्टवेअरला शिव्या घालतो.

मी कुठलंही नकाशाचं सॉफ्टवेअर टाकायच्या आधी पोर्टवर येणारी अक्षरं जशीच्या तशी दाखवणारा एक साधा टर्मिनल प्रोग्रॅम उघडून डबी काय बोलते ते नुसतं बघत बसले. दर सेकंदाला डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळींचा एक झुबका सरकतो. त्यातली 'जीपीआरएमसी'ने सुरू होणारी ओळ कामाची: आधी वेळ, मग एकच अक्षर, मग अक्षांश, रेखांश, वेग, दिशा, तारीख. ते एकटं अक्षर 'व्ही' असेल तर जागा अजून पक्की नाही. त्याचं 'ए' झालं की झाली. एकाच उपग्रहाचा आवाज ऐकू आला तरी वेळ कळते, म्हणून घड्याळ आधीच बरोबर दिसायला लागतं आणि अक्षांशाच्या जागी मात्र दोन स्वल्पविरामांमध्ये रिकामी फट असते. मग एका झुबक्यात ती फट आकड्यांनी भरते. हे बघायला मला अजूनही आवडतं.

हे सगळं होईतो वाट का बघावी लागते, हे समजलं की चिडचिड कमी होते. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर, आणि जागा ठरवायला निदान चार तरी लागतात: तीन आपल्या जागेसाठी, चौथा डबीतल्या स्वस्त घड्याळाची चूक काढण्यासाठी. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची ताजी माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो. ती ऐकताना मध्ये झाड किंवा इमारत आली की पुन्हा पहिल्यापासून. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण ऐकायचं तर साडेबारा मिनिटं जातात. फोन ही माहिती नेटवर्कवरून आयती मिळवतो, म्हणून तो चटकन जागा सांगतो. डबीला हे सुख नाही. त्यामुळे सामान भरत असतानाच तिला वायर जोडून मोकळ्या आकाशाखाली ठेवायची. झाडांच्या बोगद्यातून गाडी पळत असताना ती पहिल्यांदा सुरू केली, तर ती बराच वेळ चाचपडत राहते.

एक बारीक गोष्ट: या ओळींत अक्षांश अंश आणि मिनिटं चिकटवून लिहिलेला असतो. २८३०.५००० म्हणजे २८ अंश ३०.५ मिनिटं, म्हणजेच २८.५०८३ अंश. तो २८.३०५ समजून नकाशात टाकला की आपण सुमारे २२ किलोमीटर दुसरीकडे जाऊन उभे राहतो. टर्मिनलमधून आकडे उचलून दुसरीकडे भरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

डबीने दोनदा गंमत केली. पहिली गंमत अशी की ती लावलेली असताना लॅपटॉप सुरू केला आणि माउसचा बाण पडदाभर उड्या मारायला लागला. आपोआप क्लिक होतात, फोल्डर उघडतात, मेनू खाली पडतात. बघणाऱ्याला वाटावं व्हायरस शिरलाय. कारण भलतंच निघालं. यूएसबीला लावलेली डबी लॅपटॉपला जुन्या पद्धतीच्या सिरियल पोर्टसारखी (विंडोजच्या भाषेत कॉम पोर्ट) दिसते. लॅपटॉप चालू होताना अशा पोर्टवर कुणी अखंड बडबड करत असेल, तर सिस्टीम त्याला जुन्या काळचा सिरियल माउस समजते आणि त्याच्या प्रत्येक अक्षराचा अर्थ 'बाण हलवा' असा लावते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीत जे आगंतुक उपकरण दिसतं ते डिसेबल करायचं. अनइन्स्टॉल केलं तर पुढच्या खेपेला ते हजर. किंवा सोपं म्हणजे लॅपटॉप पूर्ण चालू झाल्यावरच डबी लावायची.

दुसरी गंमत आमच्याकडे पडून असलेल्या एका जुन्या डबीची. जागा अचूक, तारीख मात्र जवळजवळ वीस वर्षं मागची. जीपीएस तारीख सांगतं ती आठवडे मोजून, ६ जानेवारी १९८० पासून, आणि त्या मोजणीला मूळ संदेशात दहाच बिट दिलेले आहेत. म्हणजे १०२४ आठवडे झाले की आकडा पुन्हा शून्यावर. तसं ऑगस्ट १९९९ मध्ये झालं आणि एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा झालं. जुन्या डबीतल्या प्रोग्रॅमला हा दुसरा फेरा माहीतच नाही. रस्ता दाखवायला याने काही अडत नाही, पण रोजचा ट्रॅक, म्हणजे गाडी गेली त्या वाटेची नोंद, जपायचा आणि फोटोंच्या वेळा त्याच्याशी जुळवून कुठला फोटो कुठे काढला ते शोधायचं, तर सगळा घोळ. जीपीएसबेबल नावाच्या फुकट प्रोग्रॅमने ट्रॅकच्या वेळा एकगठ्ठा पुढे सरकवता येतात. मी तेही केलं, आणि मग नवी डबी घेतली.

आता प्रोग्रॅम. इथे मी एक गोष्ट आधीच ठरवली होती: वैशिष्ट्यांची यादी वाचून काही ठरवायचं नाही. घरीच लॅपटॉप विमान मोडमध्ये टाकायचा आणि माझ्या पायाखालच्या एका रस्त्यावरची दोन टोकं देऊन विचारायचं, कसं जाऊ? विमान मोडमध्येच अर्धे उमेदवार गळतात. 'ऑफलाइन' असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या कित्येक प्रोग्रॅममध्ये नकाशाचं चित्र ऑफलाइन असतं आणि रस्ता काढण्याचं गणित मात्र दूरच्या सर्व्हरवर. चित्र समोर दिसतं आणि रस्ता मागितला की गोल चक्र फिरत राहतं.

गूगल अर्थ प्रो याच कारणाने गाडीत उपयोगाचं नाही. तसं ते २०१५ पासून फुकट आहे, त्यात जीपीएस जोडून आपली जागा थेट बघायची सोयही आहे. पण चित्रं नेटवरून येतात आणि आधी बघितलेली तेवढी साठवणीत राहतात. निघण्यापूर्वी घरी बसून मात्र मी ते हमखास उघडते. रस्ता डांबरी दिसतो की मातीचा, घाटात गाडी बाजूला घ्यायला जागा आहे का, नदीत पाणी नसतानाचा फोटो आहे की भरलेली, हे कुठल्याच रेघांच्या नकाशात कळत नाही.

मार्बल हा केडीईवाल्यांचा, म्हणजे लिनक्ससाठी फुकट प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींचा, पृथ्वीचा गोल. मुलांना भूगोल शिकवायला झकास, गाडीत नको. ऑरगॅनिक मॅप्स फोनवर मला फार आवडतं आणि लिनक्सवर त्याचं डेस्कटॉप रूपही मिळतं; नकाशा चटकन सरकतो, पण त्याचा जीव फोनमध्येच आहे. फोनचं ॲप एम्युलेटर (लॅपटॉपमध्ये फोनचं सोंग घेणारा प्रोग्रॅम) टाकून लॅपटॉपवर चालवा असा सल्लाही मिळतो. चालतं, आणि पंखा इतका जोरात फिरतो की बॅटरीची कीव येते.

नॅविटवर मी बराच वेळ घालवला. खास गाडीसाठी लिहिलेला, मुक्त स्रोतातला प्रोग्रॅम. ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेला फुकट, नकाशा स्वतःच्या स्वरूपात बदलून घेतो, रस्ता लॅपटॉपवरच काढतो, वळण चुकलं की नवा रस्ता काढतो, ई-स्पीकच्या यांत्रिक आवाजात बोलूनही दाखवतो. मात्र सगळी मांडणी एका एक्सएमएल फाइलमध्ये, म्हणजे कंसांत लिहिलेल्या मजकुराच्या फाइलमध्ये. बटण मोठं हवंय? फाइल उघडा. रात्रीचे रंग हवेत? फाइल उघडा. एक कंस विसरला की प्रोग्रॅम सुरूच होत नाही. मला हे खुपलं नाही, उलट एकदा बसवलं की पुन्हा कुणी अपडेट करून माझी बटणं हलवणार नाही याचं सुखच वाटलं. पण ज्याला फाइली उघडायचा कंटाळा आहे त्याने या वाटेला जाऊ नये.

लिनक्सकडे वळायचं आणखी एक कारण होतं. विंडोजमध्ये एका कॉम पोर्टवर एका वेळी एकच प्रोग्रॅम बसू शकतो. एकाने डबी धरली की दुसऱ्याला 'पोर्ट वापरात आहे'. पोर्ट वाटून देणारे वेगळे प्रोग्रॅम मिळतात, पण लिनक्सवर जीपीएसडी हा पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम हे काम मुळातच करतो. डबीशी तो एकटा बोलतो आणि २९४७ क्रमांकाच्या पोर्टवर हवं त्याला हवं तेवढं सांगतो. त्याच्याच सोबत येणाऱ्या सीजीपीएस या छोट्या प्रोग्रॅममध्ये उपग्रहांचा तक्ता दिसतो: कुठला किती उंचावर, सिग्नल किती, हिशेबात धरलाय की नाही. प्रवासात काही बिनसलं तर मी आधी हाच तक्ता बघते. उपग्रह दिसताहेत आणि नकाशा हलत नाही, तर दोष प्रोग्रॅमचा. उपग्रहच नाहीत, तर डबीवर कुणीतरी टोपी ठेवलेली असते.

नॅविटचा रस्ता बघताना एक फार चांगला धडा मिळाला. ठरलेल्या परीक्षेच्या रस्त्यावर त्याने मला थेट खाडी ओलांडायला लावली. पूल नाही तिथे. बघते तर फेरीबोट. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये फेरीचा मार्गही रेघेनेच दाखवतात आणि रस्ता काढणारे प्रोग्रॅम त्याला रस्त्याच्या जाळ्याचा भाग धरतात. तसं ते बरोबरच आहे, दिवसा. रात्री अकरा वाजता बोट नसते हे प्रोग्रॅमला सांगावं लागतं, किंवा फेरी टाळण्याची खूण करावी लागते. तेव्हापासून नवा प्रोग्रॅम हाती आला की फेरी टाळायची सोय कुठे आहे ते मी आधी शोधते. टोलची नंतर.

वेळेचा अंदाजही असाच पारखून घ्यावा लागतो. नकाशात प्रत्येक रस्त्याला एक दर्जा दिलेला असतो, द्रुतगती मार्गापासून शेतातल्या कच्च्या वाटेपर्यंत, आणि प्रोग्रॅम त्या दर्जाला एक वेग चिकटवून वेळ काढतो. वळणावळणांचा घाट आणि सपाट माळावरचा सरळ रस्ता नकाशात एकाच दर्जाचे असतील तर अनेक प्रोग्रॅमच्या लेखी दोन्हींना सारखाच वेळ लागतो. रस्ता डांबरी की मातीचा हे नोंदवायची सोय नकाशात आहे, पण ते कुणीतरी जाऊन नोंदवलेलं असावं लागतं. जिथे वेग बदलता येतात असा प्रोग्रॅम घ्यावा आणि आपल्या गाडीचे, आपल्या चालकाचे आकडे भरावेत. भावाचे भरल्यावर अंदाज बरेच जवळ आले. त्याला ते आकडे दाखवलेले नाहीत.

आणि मग क्यूमॅपशॅक. क्यूलँडकार्टे जीटी नावाच्या जुन्या प्रोग्रॅमचा हा वारस. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतो, फुकट. पहिल्यांदा उघडलं की गोंधळायला होतं, कारण तो काहीच दाखवत नाही. नकाशाच्या फायली कुठे आहेत, उंचीची माहिती कुठे आहे, रस्ते काढायचा डेटाबेस कुठे आहे, हे सगळं त्याला दाखवून द्यावं लागतं. ते एकदा केलं की मग तो खुलतो. नकाशावर डोंगरांची सावली पडते. रस्ता काढला की खाली चढउताराचा आलेख येतो, आणि आलेखावर बोट फिरवलं की नकाशावर ठिपका त्या जागी सरकतो. दोन रस्ते शेजारी ठेवून बघायचे: हा चाळीस किलोमीटर लांब, पण एकदाच चढतो, तो जवळचा, पण तीनदा चढून तीनदा उतरतो. रस्ता काढायला त्यात रूटिनो किंवा बीराउटर वापरता येतं, दोन्ही नेटशिवाय चालतात. मधला एखादा भाग नको असेल तर रेघ बोटाने ओढून दुसऱ्या रस्त्यावर टाकायची.

पण हा प्रोग्रॅम वळणावर बोलत नाही. "दोनशे मीटरवर डावीकडे" असं तो म्हणत नाही, चालकासाठी तो बनलेलाच नाही. बघितलेल्या सगळ्या प्रोग्रॅमांचा मी एक तक्ता केला होता. त्यात आवाजाच्या रकान्यात त्याला फुली पडली होती आणि बाकी सगळीकडे बरोबरची खूण. तो तक्ता समोर ठेवून मी अडून बसले होते, तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, बोलायला माझा फोन आहे की. आणि तू आहेस."

त्या एका वाक्याने निवडीचा गुंता सुटला. लॅपटॉपसमोर बसणार मी. मला वळण ऐकायचं नाही, पुढचे शंभर किलोमीटर बघायचे आहेत. त्याबरोबर तक्त्यातले आवाज, मोठी बटणं, गाडीच्या दिशेने फिरणारा नकाशा, त्रिमितीतले पूल हे सगळे रकाने मी खोडून टाकले. चालकाला नकाशा गाडीच्या दिशेने फिरलेला बरा, कारण त्याला डावं-उजवं हवं असतं. शेजारच्याला उत्तर कायम वरच हवी. नकाशा सतत गरगरत राहिला की नदी कुठल्या अंगाला होती हे डोक्यात राहत नाही, आणि पोटात ढवळतं ते वेगळंच. आता सगळं नियोजन क्यूमॅपशॅकमध्ये, गाडीत चालू जागा बघायला नॅविट उत्तरेकडे तोंड करून, आणि वळणं सांगायला भावाचा फोन.

फोनला रस्ता देताना एक गोम आहे. जीपीएक्स, म्हणजे एका प्रोग्रॅममधून दुसऱ्याला रस्ते द्यायच्या, फाइलमध्ये रस्ता दोन प्रकारे जातो. रूट म्हणून दिला तर काही थोडे बिंदू जातात आणि त्यांच्या मधला रस्ता समोरचा प्रोग्रॅम स्वतःच्या अकलेने काढतो, म्हणजे मी इतक्या निगुतीने टाळलेला घाट तो परत घालू शकतो. ट्रॅक म्हणून दिला तर रेघ जशीच्या तशी जाते. मी ट्रॅकच देते. फोनवर ती रेघ दिसत राहते आणि फोन वेगळं काही म्हणाला तर लगेच कळतं.

तसं होतंच. एका संध्याकाळी भाऊ म्हणाला, "ताई, फोन डावीकडे घे म्हणतोय."

"म्हणू दे. सरळ चल."

"जवळ पडतंय पण."

"ती वाट धरणाच्या भिंतीवरून जाते. दोन्ही टोकांना गेटची खूण आहे. सहानंतर कोण उघडणार?"

गेटची खूण नकाशात होती म्हणजे ते बंदच असलं असतं असं नाही. पण बंद असतं तर मागे फिरायचं अंतर किती, ते माझ्यासमोर होतं, आणि ते बघून मी ठरवलं. फोनच्या पडद्यावर हा हिशेब करता आला नसता.

विजेचं थोडक्यात. बारा व्होल्टच्या सॉकेटला बहुतेक गाड्यांत दहा ते पंधरा अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे १२० ते १८० वॉट. यूएसबी-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर पॉवर डिलिव्हरीचा ६५ वॉटचा कार चार्जर पुरे. इन्व्हर्टर लावून त्यात घरचा चार्जर खुपसायचा म्हणजे बाराचे दोनशे तीस करायचे आणि पुन्हा वीस करायचे. वाटेत वीज उष्णतेत जाते आणि पंख्याचा आवाज ऐकावा लागतो. पडद्याचा उजेड ही खरी अडचण. फोनचा पडदा उन्हातही दिसतो, साधा लॅपटॉप दुपारी आरसा होतो. मॅट पडदा असलेला जुना लॅपटॉप या कामी चकचकीत नव्यापेक्षा बरा. यूएसबी पोर्टला झोपवणारी वीजबचतीची सेटिंगही बंद करायची, नाहीतर डबी मध्येच गप्प होते.

सुरक्षेचंही सांगायला हवं. उघडा लॅपटॉप डॅशबोर्डवर कधीच नाही. तिथे एअरबॅग असते आणि ती फुटली तर लॅपटॉप थेट तोंडावर. मांडीवर, खाली, पडदा मागे कललेला, आणि चालकाच्या नजरेत न येणारा. रस्ता दाखवण्याखेरीज दुसरं काही चालू असलेला पडदा चालकाला दिसेल असा ठेवण्यावर बऱ्याच देशांत बंदी आहे. रस्ता खराब असला किंवा घाट सुरू झाला की मी तो मिटून पायाशी ठेवते. मोठे निर्णय गाडी थांबवूनच होतात.

निघायच्या आदल्या दिवशी नकाशा ताजा करणं हे आता ठरलेलं काम झालंय. जिओफॅब्रिकवर ओपनस्ट्रीटमॅपचे प्रदेशवार तुकडे रोज नवे मिळतात. ते उतरवायचे, रूटिनोचा डेटाबेस नव्याने बांधायला लावायचा, नॅविटसाठी मॅपटूलने रूपांतर करायचं. प्रदेश मोठा असेल तर लॅपटॉप बराच वेळ घुरघुरतो. नंतर विमान मोडमध्ये एक रस्ता काढून बघायचा, निघाला की झालं.

पत्ता शोधण्याचं मात्र काही खरं नाही. गाव सापडतं, मोठा रस्ता सापडतो, पण ऑफलाइन नकाशात घर क्रमांक आणि लहान मुक्कामाच्या जागा कुठे असतात, कुठे नसतात. म्हणून जिथे उतरायचं तिथे आधी फोन करून मी त्यांच्याकडून अक्षांश-रेखांश मागते आणि क्यूमॅपशॅकमध्ये खूण करून ठेवते. पलीकडचा माणूस आधी "रस्ता सोपा आहे हो, कुणालाही विचारा" म्हणतो. मी पुन्हा मागते. मग तो लोकेशन पाठवतो.